आवाजाचा सांधा

मराठीत आवाजाला किती क्रियापदं आहेत पाहा. आवाज लागतो, बसतो, चढतो, घुमतो, फाटतो, चिरकतो. मुलगा वयात येऊ लागला की त्याचा आवाज फुटतो. पण आवाज कापला जातो, असं आपण कधी म्हणत नाही. प्रत्यक्षात मोबाइलचा चिमुकला स्पीकर सोडला, तर आज आपण जो आवाज यंत्रातून ऐकतो तो अनेकदा कापलेला असतो. जाड भाग एका स्पीकरकडे जातो, बारीक भाग दुसऱ्याकडे, आणि हवेत ते दोन्ही तुकडे पुन्हा जुळतील अशी अपेक्षा असते. हे कापायचं काम करतो त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. कापणं सोपं असतं, खरा प्रश्न सांध्याचा असतो. गेली दोन वर्षं माझ्या संध्याकाळी या सांध्यापायी गेल्या आहेत. आमच्या घरात त्याचा संबंध अब्बांशी आहे, म्हणून लिहितो.

अब्बा पेटीवाले. आम्ही चंद्रपूरचे. त्यांच्या उमेदीच्या काळात गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून निघाला. धान कापून झालं, भाऊबीज झाली, की ते पेटी घेऊन वडशाकडे निघत. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, पण रेल्वे स्टेशनवर आणि लोकांच्या तोंडी वडसाच. झाडीपट्टी रंगभूमीची ही राजधानी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या गावागावांत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्तानं मंडप पडतात, रात्री दहाच्या सुमारास नाटक सुरू होतं आणि पहाटे संपतं. घोंगड्या पांघरून लोक तिकीट काढून बसतात. याच रंगभूमीवरचे विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. आमच्या घरात तो शब्द म्हणजे अब्बांचे चार महिने घरी नसणं आणि त्यांनी परत येताना आणलेले पोहे.

अब्बा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांनी नाटकाला जाणं बंद केलं. कारण विचारलं की थंडीचं नाव सांगत. खरं कारण हळूहळू कळलं. घरातही ते हल्ली हसण्याच्या जागी दुसऱ्यांचे चेहरे पाहून हसतात. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख हातात दिला. डावीकडे, म्हणजे जाड स्वरांच्या बाजूला, रेघ जवळजवळ सरळ. दोन हजार हर्ट्झपासून ती उताराला लागलेली, चार हजारांपुढे थेट दरीत. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. तो आलेख पाहिल्यावर मला पहिल्यांदा क्रॉसओव्हरच आठवला. हुबेहूब तसाच उतार. वयानं अब्बांच्या कानात एक क्रॉसओव्हर बसवला होता, फक्त वरचा तुकडा घेणारा दुसरा स्पीकर पुढे कुठेच नव्हता.

अशा कानाला आवाज ऐकू येतो, शब्द समजत नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. स, श, च, त, फ यांचं काम मात्र वरच्या पट्टीत चालतं. मराठीत तर आणखी एक खाच आहे. आपला च आणि ज दोन-दोन प्रकारचे. चिमणीतला च वेगळा, चुलीतला वेगळा. लिहिताना फरक दिसत नाही, ऐकताना तो असतो, आणि तो बराचसा तीन ते आठ हजार हर्ट्झच्या दरम्यानच्या घासण्यात असतो. "ती जात नाही" हे वाक्य घ्या. एका ज-नं म्हटलं तर एक बाई कुठेतरी जायला तयार नाही. दुसऱ्या ज-नं म्हटलं तर माणसांच्या उतरंडीविषयी काहीतरी चाललं आहे. रंगमंचावर या दोन वाक्यांनी दोन वेगळी नाटकं होतील. माझ्या मुलीनं दोन्ही वाक्यं अब्बांसमोर म्हणून पाहिली. त्यांना दोन्ही एकच वाटली. श्रवणयंत्राचं नाव काढलं की "मशीन नको" म्हणून विषय संपत असे.

त्याच सुमारास नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांनी घर बदलताना प्लॅनर स्पीकरची जोडी काढली, ती मी घेतली. ज्यांनी हे स्पीकर पाहिले नसतील त्यांना सांगतो: हे खोक्याचे स्पीकर नव्हेत. कापड लावलेल्या दाराच्या फळीसारखे उभे असतात. आत एक पातळ प्लॅस्टिकची फिल्म ताणलेली, तिच्यावर तारा किंवा अॅल्युमिनियमची पट्टी चिकटवलेली आणि शेजारी चुंबकांच्या ओळी. तारेतून विद्युतप्रवाह गेला की सबंध फिल्म हलते. अमेरिकेत जिम विनी या अभियंत्यानं १९६९ साली मॅग्नेपॅन कंपनी काढून ही जात लोकप्रिय केली. त्याआधी १९५७ साली इंग्लंडमध्ये पीटर वॉकरच्या क्वाड कंपनीचा स्थिरविद्युतवर चालणारा पडदा आला होता. दोन्हींचं तत्त्व वेगळं असलं तरी दोन्हींत खोकं नसतं. त्यामुळे आवाज पुढे जातो तेवढाच मागेही जातो, आणि बाजूला जवळजवळ शांतता असते. मागचा आवाज भिंतीवर आपटून येतो म्हणून त्यांना भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ओढावं लागतं. आमच्या बैठकीच्या खोलीत त्यानंतर पाहुण्यांना वाट काढत यावं लागतं. अम्मीनं त्यांना "दोन दरवाजे, जे कुठेच उघडत नाहीत" असं नाव दिलं.

चंद्रपूरला हे स्पीकर सांभाळणं हे एक वेगळंच काम आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा चिकटवलेल्या तारांची काळजी वाटते, म्हणून खिडकीला जाड पडदा. कोळशाच्या आणि राखेच्या गावात धूळ कायमची, आणि चुंबकाला लोखंडाचा कण दिसला की तो सोडत नाही, म्हणून वापर नसताना वर जुनी चादर.

माझ्या जोडीत प्रत्येक फळीचे दोन भाग आहेत: जाड स्वरांचा रुंद पडदा आणि त्याच्या शेजारी बारीक स्वरांची अरुंद पट्टी. दोन्हींमधला छेद मुळात सहाशे हर्ट्झच्या आसपास होता. सहाशे म्हणजे कुठे? पुरुषाच्या "आ"ला जो भरदारपणा येतो तो साधारण तिथेच, सातशेच्या आगेमागे. काळी एकचा मंद्र षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. तो रुंद पडद्यातून येणार, पण पेटीला पेटी बनवणारी तिची वरची झालर पट्टीतून येणार. म्हणजे पेटीच्या एका सुराचे दोन तुकडे. अब्बांची पेटी या सांध्यावरच वाजणार होती.

मूळ रचनेत अॅम्प्लिफायर एकच असतो, आणि त्याच्या पुढे गुंडाळी आणि कपॅसिटर मिळून आवाज वाटतात. मी ते बाजूला काढलं. आधी डिजिटल क्रॉसओव्हर, मग दोन अॅम्प्लिफायर, एक रुंद पडद्याला, एक पट्टीला. याला बाय-अॅम्पिंग म्हणतात. यात छेद कुठे द्यायचा, उतार किती तीव्र ठेवायचा, कोणाला किती उशिरा सोडायचं, हे सगळं बटणांवर येतं. धोकाही येतो. नाजूक पट्टी आता थेट अॅम्प्लिफायरला जोडलेली असते. चालू करताना एक धक्का बसला तरी ती जायची. म्हणून तिच्या वाटेत एक कपॅसिटर आणि फ्यूज ठेवला, आणि घरात नियम केला: चालू करताना अॅम्प्लिफायर शेवटी, बंद करताना आधी. आमच्या शहराच्या वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट असली तरी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून यूपीएसही आला.

मग वही सुरू झाली. छेद बाराशेवर नेला, तेव्हा समोर बसून ऐकताना आवाज सुरेख होता. पण अब्बा समोर बसत नाहीत, त्यांची बाज भिंतीकडे आहे. बाराशे हर्ट्झची लहर साधारण अठ्ठावीस सेंटीमीटरची. पडदा तिच्यापेक्षा रुंद असला की आवाज टॉर्चसारखा सरळ जातो, बाजूला सांडत नाही. त्यांच्या बाजेवरून नटाचा आवाज किरटा येत होता. अब्बा म्हणाले, "आवाज आया, पर आदमी नहीं आया." छेद चारशेवर आणला, तर अरुंद पट्टीला झेपेना, पेटी जोरात आली की ती कुरकुरू लागे. शेवटी सहाशेच्या आसपासच मुक्काम ठरला. तिथे लहर सत्तावन्न सेंटीमीटरची असते. पडदा आणि पट्टी यांच्या कानापासूनच्या अंतरात तीन सेंटीमीटरचा फरक होता, तो एवढ्या लांब लहरीत फारसा जाणवत नाही. तीन हजारांवर कापलं असतं, तर तेच तीन सेंटीमीटर म्हणजे पाव लहरीहून जास्त. तरीही जवळच्या भागाला ०.०९ मिलिसेकंद उशिरा सोडून तो फरक काढून टाकला.

उताराची गोष्ट अशी. छेद म्हणजे सुरीचा काप नव्हे, तो उतार असतो. दर सप्तकाला ६, १२, १८ किंवा २४ डेसिबल. २४ चा उतार म्हणजे एका सप्तकापुढे शक्ती अडीचशेव्या भागावर येते. सिगफ्रीड लिंक्विट्झ आणि रस रायली हे दोघे ह्युलेट-पॅकार्डमधले अभियंते. लिंक्विट्झ यांचा १९७६ सालचा लेख या विद्येचा पाया आहे. त्यांच्या पद्धतीत छेदाच्या जागी दोन्ही बाजू सहा डेसिबलनं खाली असतात आणि एकाच पावलावर चालतात, म्हणून बेरीज सपाट येते. पण यंत्रात २४ आकडा टाकला म्हणजे हवेत २४ मिळतो असं नाही. पडदा स्वतःही एका मर्यादेनंतर उतरू लागतो, आणि त्याचा उतार आपल्या उतारात मिसळतो. म्हणून माझ्याकडे यंत्रात खालच्या भागाला १२ आणि वरच्या भागाला १८ ठेवल्यावर हवेतली बेरीज जुळली. हे कान सांगतो तसं मोजमापाचा माइकही सांगतो, दोघांना विचारावं.

सांधा जुळला की नाही, हे तपासायची एक जुनी युक्ती आहे, आणि मला ती फार आवडते. एका भागाच्या तारा मुद्दाम उलट्या जोडायच्या. म्हणजे एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघं खरोखर एका पावलावर असतील, तर आता छेदाच्या जागी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. खड्डा जितका खोल, तितकी मूळची जुळणी चांगली. खड्डा उथळ असेल तर समजायचं की सरळ जोडणीतही त्यांचं नीट पटत नव्हतं. मी उलट जोडणी करून सहाशेचा सूर सोडला, खड्डा वीस डेसिबलच्या पुढे गेला. मग अब्बांच्या पेटीची जुनी कॅसेट लावली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "अब दोनों रूठे हैं." तारा सरळ केल्या तेव्हा काही बोलले नाहीत, त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू लागली.

हीच युक्ती पुढे वडशाकडे कामी आली. माझ्या खालाचा मुलगा तिकडे साउंड सर्व्हिस चालवतो. हंगामात त्याचे डबे रोज वेगळ्या गावात असतात. एका प्रयोगाला मी त्याच्यासोबत गेलो. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका बाई बोलू लागली की एकमेकींना "काय म्हनते?" विचारत होत्या. (झाडीबोलीत ण चा न होतो, ळ चा र.) मी आवाज जाड वाटतो म्हटलं. तो म्हणाला, "भाईजान, पब्लिकला धमक पाहिजे. कमी केली की ओरडतात." त्याचे मोठे बेसचे डबे जमिनीवर पुढे होते, बाकीचे स्पीकर मागे मंचाच्या कडेला. टेप लावून मोजलं, अंतर भरलं एक मीटर चाळीस. त्याचा छेद होता १२० हर्ट्झवर. त्या लहरीची लांबी जवळजवळ दोन मीटर पंच्याऐंशी, म्हणजे हे अंतर बरोबर अर्धी लहर. दोन्ही डबे छेदाच्या जागी एकमेकांना खोडत होते. धमक तिथेच मरत होती, म्हणून तो बेस वाढवत होता, आणि वाढवलेला बेस बाकी सगळीकडे पसरून शब्दांवर बसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडप रिकामा असताना पुढच्या डब्यांना चार मिलिसेकंद उशिरा सोडलं. उलट तारांची परीक्षा घेतली, खड्डा खोल पडला. सरळ केल्यावर धमक आली, आणि बेस पाच डेसिबल खाली आणूनही तेवढीच राहिली. मंचावरच्या माइकांना शंभराच्या खाली कापून टाकलं, म्हणजे फळ्यांवरचे पायांचे आवाज थांबले. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर जातो. शेजारच्या गावात निजलेल्या माणसाला नाटक ऐकू येतं ते यामुळेच. म्हणून एकूण आवाजही थोडा उतरवता आला. त्या रात्री मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. बायका नाटक पाहत होत्या, एकमेकींना काही विचारत नव्हत्या. माझ्या भावाचं पोट या धंद्यावर आहे. पुढच्या वर्षीचं काम कोणाला मिळतं ते याच रांगेवरून ठरतं.

घरी आल्यावर एक प्रश्न उरला होता. सांधा उत्तम जुळला, रेघ सपाट आली, तरी अब्बांच्या कानातला उतार तिथेच होता. मी डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये दुसरी जुळणी बनवली. तीच, पण तीन हजारांपासून वर आठ डेसिबल चढवलेली. मुलीनं वीस वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित केली होती, त्यात "ती जात नाही" दोन्ही परींनी होतं. अब्बांना काही न सांगता लावली. पहिल्या ज-ला ते गप्प होते. दुसऱ्या ज-ला त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ये अलग है." पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ओळखलं. मग बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. "इतने दिन से ये सब जा रहा था क्या?"

मला वाटलं, प्रश्न सुटला, आता हीच जुळणी कायम ठेवावी. पण त्याच जुळणीवर त्यांची कॅसेट लागली तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं. "ये मेरी पेटी नहीं है. किसी और की है." मी म्हटलं, अब्बा, असं ऐकलं तर तुम्हाला जास्त ऐकू येतं. ते म्हणाले, "बात समझने के लिए ठीक है. पेटी जैसी थी वैसी सुना. जितनी आएगी उतनी आएगी."

यावर मी बरेच दिवस विचार केला. माझ्या मोजमापात "बरोबर" एकच होतं, सपाट रेघ. अब्बांनी ते दोन केले. दुसऱ्याचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलं पाहिजे, त्यासाठी त्याला थोडं चढवून घ्यायला हरकत नाही. कारण तिथे न समजण्याची किंमत मोठी आहे: माणूस हळूहळू घरात असून घराबाहेर जातो. आपली स्वतःची पेटी मात्र त्यांना आठवणीतून पूर्ण ऐकू येते. कानातून अर्धी आली तरी उरलेली आतून भरून निघते. तिथे मदत केली की ती मदत आठवणीच्या आड येते.

आता यंत्रात दोन्ही जुळण्या आहेत. एक नंबरवर बातम्या, नातीचं वाचन आणि मोबाइलवर आलेली भाषणं. दोन नंबरवर पेटी. बटण अब्बाच फिरवतात. गेल्या महिन्यात ते स्वतःहून म्हणाले की त्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं, मशीन बघावं, "बोलने-सुनने के लिए." मी त्यांना सांगितलं की श्रवणयंत्राच्या आतही हेच असतं: आवाजाचे तुकडे करायचे, प्रत्येकाला हवं तेवढं चढवायचं आणि पुन्हा सांधायचं. त्यांनी लगेच विचारलं, "सांधा कौन देखेगा?"

भाऊबीज जवळ आली आहे. खालाच्या मुलानं वडशाकडच्या पहिल्या प्रयोगाची तारीख कळवली आहे. अब्बांनी विचारलं की मागच्या रांगेत जागा मिळेल का.